मौनाचा बिल्ला

आमच्याकडच्या लग्नात मांडवाच्या एका कोपऱ्यात माईक धरून एक माणूस उभा असतो. पाहुणा मांडवात शिरला की तो त्याचं नाव, गाव आणि हुद्दा पुकारतो. अमक्या गावचे माजी सरपंच, नवरीचे मावसे, आपण आलात, मांडवाची शोभा वाढली, स्थानापन्न व्हावे. शहापूर आणि मुरबाड दोन्ही तालुक्यांत ही रीत आहे. नाव पुकारलं गेलं की पाहुणा सदऱ्याची कॉलर नीट करतो आणि बरोबरच्यांनी ऐकलं का ते हळूच बघतो. आणि नाव राहिलं तर तो रुसतो. नाव राहिलं म्हणून न जेवता गेलेले पाहुणे मी पाहिले आहेत. नव्वद सालापासून पुढची दहा-बारा वर्षं हा माईकवरचा माणूस मी होतो.

माझी नोकरी वाशिंदच्या एका कारखान्यात, स्टोअरमध्ये. राहायला आटगाव स्टेशनपासून आत, चालत पाऊण तासावरच्या गावात. माईकचं काम मी हौसेनं करायचो. आवाज मोठा होता, आणि नावं लक्षात राहायची. कोण कुणाचा साडू, कोणाची मुलगी कुठे दिली, कोण पूर्वी पोलीस पाटील होता, हे सगळं मला तोंडपाठ. लग्नसराईत रविवार मोकळा म्हणून जायचा नाही. लोक तारीख धरायच्या आधी मला विचारून जायचे. मांडवात मी आलो की कोणीतरी खुर्ची पुढे करायचं. चांगली चांगली माणसं माझ्याजवळ येऊन कानात सांगायची, 'माझ्या व्याह्यांचं नाव जरा दोनदा घ्या.' मी मान हलवायचो. त्या मान हलवण्यात किती गुर्मी होती ते मला तेव्हा कळत नव्हतं.

या गुर्मीतच मी एक वाईट गोष्ट केली.

माझे वडील मी चार वर्षांचा असताना गेले. आई दिवसभर शेतावर असायची, त्यामुळे मला काकीनं वाढवलं. तिचा मुलगा, म्हणजे माझा चुलतभाऊ, माझ्यापेक्षा वर्षभरानं मोठा. काकी आम्हा दोघांना एका ताटात जेवायला वाढायची. पुढे वाटण्या झाल्या, आणि दोन शेतांमधल्या बांधावरून आमचं वाजलं. हातभर रुंदीचा बांध तो. मोजणी झाली, पुन्हा वाजलं, आणि आम्ही एकमेकांशी कामापुरतं बोलू लागलो.

त्याच सुमारास तो ग्रामपंचायतीत निवडून आला. पहिल्यांदाच. आणि महिन्याभरात शेजारच्या गावात आमच्या दोघांच्याही नात्यातलं लग्न होतं. मी माईकवर होतो. दुपारी बाराच्या सुमारास तो मांडवाच्या तोंडाशी आला. अंगात नवा सदरा, बरोबर काकी. मी त्यांना लांबूनच पाहिलं. त्यांच्या मागोमाग दुसऱ्या गावचे एक सोसायटीचे संचालक येत होते. मी भावाकडे पाहिलं, त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि मी संचालकांचं नाव पुकारलं. मग त्यांच्यामागच्या शिक्षकांचं. मग नवरदेवाच्या मामांचं. तो तिथेच उभा होता. आता घेईल, आता घेईल, असं त्याला वाटत असणार. थोड्या वेळानं तो वळला, काकीला काहीतरी म्हणाला, आणि दोघं निघून गेली.

घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "भावोजींचं नाव नाय घेतलं म्हणं तुमी?"

"गर्दी होती. नजरचूक झाली," मी म्हणालो.

त्या दिवसापासून काकीच्या घरातला आणि आमच्या घरातला अबोला सुरू झाला. घरं एकाच आळीत, मध्ये तीन दारं. काकी पाणी भरायला जाताना आमच्या ओटीकडे बघायची नाही. असं जवळजवळ सहा वर्षं चाललं.

मग माझा घसा गेला. एका वर्षी चैत्रात लागोपाठ लग्नं झाली आणि आवाज बसला तो उठेचना. काढे झाले, हळदीचं दूध झालं. शेवटी कल्याणला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आरसा घालून बघितलं आणि म्हणाले, स्वरतंतूंवर गाठी आल्यात. दीड महिना अजिबात बोलायचं नाही.

मी फुसफुसत विचारलं, "असं हळू बोललं तर?"

"हे तर आणखी वाईट. फुसफुसायचंही नाही."

आजारपणाची रजा काढली. मुलीची पाटी घेतली आणि खडूनं लिहून बोलायला लागलो. पहिले दोन दिवस घरात सगळ्यांना गंमत वाटली. नंतर माझं लिहून होईपर्यंत थांबायला कोणाला सवड नसायची. मी पाटीवर बोट आपटायचो, टिचक्या वाजवायचो, दारावर थापा मारायचो. शेजारी कोणी चुकीचं काही सांगत असलं की माझा जीव तुटायचा. आठवड्यानं बायको म्हणाली, "तुमी माझ्या बाबांकडं जाऊन राहा. तिकडं माणसं कमी, बोलायचं काम नाय."

माझी सासुरवाडी मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या पायथ्याशी. तेव्हा एसटी गावापर्यंत जात नव्हती, फाट्यावर उतरून चालायचं. पंधरा-वीस घरं, भोवती नाचणी-वरईचे माळ आणि मागे जंगल. गावाच्या वरच्या अंगाला, झाडीत, एक मठी होती. पत्र्याचं छप्पर, आत कोणा जुन्या साधूची समाधी, बाहेर धुनी आणि थोड्या उतारावर विहीर. तिथे एक म्हातारे गृहस्थ राहायचे. रेल्वेत गँगमन होते. निवृत्त झाल्यावर बायको गेली, मग मुलांकडे न जाता ते इथे येऊन राहिले. त्यांना कोणी महाराज म्हटलं की म्हणायचे, "आजोबा म्हण. ते खरं तरी हाय."

सासऱ्यांनी मला तिथे नेलं. "जावईबापूंचा घसा गेलाय. दीड महिना बोलायचं नाय सांगितलंय डॉक्टरनं."

"बरं झालं," आजोबा म्हणाले आणि माझ्या हातात खराटा दिला.

मी रोज सकाळी जाऊ लागलो. अंगण झाडायचं, विहिरीचं पाणी आणून टाकी भरायची, समाधीभोवती शेणानं सारवायचं. मग धुनीपाशी आजोबांच्या शेजारी बसायचं. त्यांनी मला फार काही शिकवलं नाही. श्वास आत येताना मनात 'सो' म्हणायचं, बाहेर जाताना 'हम्'. ओठ हलवायचे नाहीत. एवढंच. किती वेळ, तर पाय दुखेपर्यंत.

तोंड बंद होतं, त्यामुळे मला वाटलं होतं हे सोपं जाईल. पण डोळे मिटले की माझ्या डोक्यात मांडव उभा राहायचा. मी माईकवर असायचो. लोक यायचे, मी नावं घ्यायचो, लोक वळून बघायचे. मांडव उतरला की भाऊ यायचा. त्याच्याशी मी बांधाबद्दल बोलायचो. मोजणीत काय निघालं, त्याच्या बापानं काय कबूल केलं होतं, सगळं मुद्देसूद. मनातल्या त्या भांडणात दर वेळी मीच जिंकायचो, आणि जिंकून झालं की ते पहिल्यापासून पुन्हा सुरू व्हायचं. दीड महिना मी बाहेर एक शब्द बोललो नाही, पण आत इतका बोललो की संध्याकाळी दमून जायचो.

एके दिवशी मी पाटीवर लिहिलं, 'मन गप्प बसत नाही.'

आजोबांनी एकेक अक्षर लावत वाचलं. "कुणाचं बसतंय?" ते म्हणाले. मग बराच वेळ धुनीतली राख सारखी करत राहिले. "आमी रुळावर काम करायचो तवा एक माणूस शिट्टी घेऊन लांब उभा असायचा. गाडी दिसली की शिट्टी. शिट्टी वाजली की हत्यारं उचलून बाजूला व्हायचं. गाडी गेली की परत काम. गाडीला हातानं थोपवायला कोण गेला नाय कधी."

मी मान डोलावली. मला फार पटलं. ते पुढे म्हणाले, "पण मलाबी जमत नाय हां रोज. आमचा एक मुकादम होता. त्यानं माझी बदली अडवली होती. मेला तो, तरी सकाळी बसलो की येतो. त्याच्याशी भांडण्यात माझा अर्धा जप जातो कधी कधी."

ते ऐकून मला बरं वाटलं, आणि मी तिथे टिकलो तो बहुतेक त्यामुळेच. ते सिद्ध वगैरे असते तर मी दोन दिवसांत पळालो असतो.

एकदाच, शेवटच्या आठवड्यात, काहीतरी झालं. सकाळी विहिरीवरून पाणी ओढत होतो. रहाट करकरत होता. दोर हाताला घासत होता. घागर वर आली, मी ती काठावर टेकवली, आणि माझ्या लक्षात आलं की मघापासून माझ्या डोक्यात कोणीच नव्हतं. मांडव नव्हता, भाऊ नव्हता, मीसुद्धा नव्हतो. रहाट होता, पाणी होतं, झाडावर खारीचं चिक चिक चाललं होतं. पण हे लक्षात आलं आणि त्याच क्षणी मला वाटलं, हे आता कोणाला सांगू. सासऱ्यांना सांगावं का, बायकोला कसं सांगावं, कोणत्या शब्दांत. घागर मठीपर्यंत नेईतो माझं भाषण तयार झालं होतं.

आवाज परत आला. डॉक्टर म्हणाले, जपून वापरा. मी घरी परतलो आणि ठरवलं की दर सोमवारी मौन पाळायचं. हेतू चांगलाच होता. पण कामावर लोक विचारणार, म्हणून शहापूरला गाड्यांच्या नंबरप्लेट बनवणाऱ्या दुकानातून एक बिल्ला करून घेतला. पांढऱ्यावर लाल अक्षरं, 'आज मौन आहे'. सोमवारी तो खिशाला लावून कामावर गेलो.

आणि काय सांगू, मला आवडलं. सुपरवायझर, जो एरवी मला नावानं हाक मारायचा, त्यानं त्या दिवशी नमस्कार केला. कँटीनमध्ये माझ्या टेबलावर लोक हळू बोलायचे. एकानं बाजूला घेऊन विचारलं, 'आमच्या घरात शांती नाही, काय करावं?' मी डोळे मिटून आकाशाकडे बोट दाखवलं. मला आज ते आठवलं की लाज वाटते, पण तेव्हा दिवसभर मी त्या बोटावर खूश होतो. माईकवर मला जो मान मिळत होता तो आता न बोलता मिळू लागला, आणि तो जास्त चवदार होता.

घरी मात्र सोमवार आला की बायकोच्या कपाळाला आठी पडायची. दळण, दूधवाला, मुलीच्या शाळेतली सही, आल्यागेल्याची विचारपूस, सगळं तिच्यावर. मी ओटीवर ताठ बसायचो. श्रावणातल्या एका सोमवारी माझी आई तापानं फणफणली. तिनं आतून हाक मारली. मी ऐकलं. उठून गेलो, तिच्या कपाळाला हात लावला आणि चिठ्ठी लिहिली, 'कधीपासून ताप?' आईला वाचता येत नव्हतं. ती चिठ्ठीकडे आणि माझ्याकडे बघत राहिली. "रागावलास का रे माझ्यावर?" तिनं विचारलं. मी मानेनं नाही म्हटलं. तिला नीट दिसलं नसावं. तिनं पुन्हा विचारलं. मी पुन्हा मान हलवली. मग ती भिंतीकडे तोंड करून पडली.

बायको शेतावरून आली, तिनं आईला औषध दिलं, भाताची पेज पाजली. मग बाहेर येऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"त्या मघापासून विचारतायत, पोरगा का रागावलाय. काय सांगू मी त्यांना?"

मी बिल्ल्याकडे बोट दाखवलं.

"मला दिसतंय ते. गावाला दिसतंय." ती आवाज न चढवता बोलत होती. "पूर्वी तुमी बोलायचा तवा निदान कळायचं तरी काय चाललंय. आता सोमवारी सगळं घर तुमच्या तोंडाकडं बघत बसतं. ह्याला मौन म्हणत असतील तर तिकडं काकींच्या घराशी तुमचं सहा वर्षं मौनच हाय."

मला इतका राग आला की मी वहीचं पान फाडून भराभर लिहिलं. साधना म्हणजे काय, घरच्यांचा पाठिंबा कसा हवा, तिला यातलं काय कळतं. पान भरलं. तिच्या हातात दिलं. तिनं घडी घातली, आत गेली आणि चुलीत सारलं. चूल पेटवायला तिला काहीतरी हवंच होतं.

दिवाळीत सासुरवाडीला गेलो तेव्हा सोमवार नव्हता, तरी मी मठीत बिल्ला लावून गेलो. आजोबांना दाखवायचा होता. त्यांनी तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

"आमालापण होता बिल्ला. पितळेचा," ते म्हणाले. "कामावर हाय हे कळायला. हा कशाला?"

"लोकांनी बोलू नये म्हणून."

"लोकांनी बोललं तर तुझं काय जातं? तू बोलू नको."

मी मग आईचं सगळं सांगितलं, बायकोनं पान जाळलं तेही सांगितलं. माझी बाजू घेतील असं वाटलं होतं. आजोबांनी एवढंच विचारलं, "आईनं हाक मारली ती ऐकू आली नव्हती का?"

"आली होती."

त्यांनी धुनीत एक लाकूड पुढे सारलं. मग म्हणाले, "वार पाळू नको. बोलायचं तिथं बोल. एक कर. कोणी तुझ्यावर ठपका ठेवला की उत्तर देऊ नको. खरा असू दे, खोटा असू दे. ऐकून घे. एवढं जमलं तर मग मौनाचं बघू."

बिल्ला मी त्यांच्याकडेच ठेवला. त्यांनी तो कुठे टाकला माहीत नाही.

हे व्रत सोमवारच्या मौनापेक्षा कितीतरी अवघड निघालं. दुसऱ्याच दिवशी बायको म्हणाली, पिशवी विसरलात. मी म्हणालो, तूच दारामागे ठेवलीस. बोलून झाल्यावर आठवलं. कामावर माल कमी भरला म्हणून सुपरवायझर बोलला. मी गेटवरच्या माणसाचं नाव पुढे केलं. दिवसातून दहा वेळा माझ्यावर लहानसहान ठपके येत होते आणि मी दहाही वेळा फट् करून उत्तर देत होतो. इतके दिवस मला ते दिसलंच नव्हतं. सकाळी 'सो' आणि 'हम्' करताना मी जरा शांत असायचो, आणि चपला घालून घराबाहेर पडेपर्यंत दोन उत्तरं देऊन झालेली असायची. तीन-चार महिन्यांत कधीतरी एखादं उत्तर घशात राहिलं. राहिलं म्हणजे मी दाबलं. दाबलं की दिवसभर तिथे गोळा असायचा.

आणि सकाळच्या बसण्यात भाऊ येतच होता. फरक एवढाच झाला की भांडण पहिल्यापासून सुरू न होता मधूनच सुरू व्हायचं, आणि कधीकधी मधेच थांबायचं. थांबलं की मांडवाच्या तोंडाशी उभा असलेला नवा सदरा दिसायचा. त्याच्या पुढे माझ्याकडे मुद्दा नव्हता.

फाल्गुनात एका रविवारी मला लग्नाला जायचं नव्हतं. मी जेवून उठलो, टोपी घातली आणि तीन दारं ओलांडून काकीच्या अंगणात गेलो. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. भाऊ घरी नव्हता. काकी अंगणात बसून सुपात वाल पाखडत होती. तिनं वर पाहिलं.

"काय रे, वाट चुकलास?"

"नाय. आलो असाच."

"बस मग. उभा राहू नको ऊन अडवून."

मी समोर जोत्यावर बसलो. तिनं दोनदा सूप झटकलं आणि मग बोलायला लागली. सहा वर्षांचं साठलेलं होतं. ते एका दमात बाहेर आलं. आवाज मोठा नव्हता, हात चालू होते. मला तापात मांडीवर घेऊन तिनं कशी रात्र काढली होती इथपासून ते मोजणीच्या दिवशी मी तिच्याकडे पाठ करून कसा उभा होतो इथपर्यंत. आईच्या आजारपणात तिला कळवलंसुद्धा नाही हे. मुलीच्या पाचवीला बोलावलं नाही हे.

"त्या दिवशी मी नवं लुगडं नेसले होते," ती म्हणाली. "त्याला म्हटलं, जरा सावकाश चल, माझ्यासंगं चल. मला तुझ्या तोंडून त्याचं नाव ऐकायचं होतं. दुसरा कोणी असता माईकवर तर मी आलेच नसते, माझे गुडघे दुखत होते. म्हटलं, दोघं माझ्या एका ताटात जेवलेले, एक नाव पुकारतोय आणि एक पाहुणा म्हणून जातोय. बघू तरी." तिनं सुपातला एक खडा उचलून लांब टाकला. "तुझ्या बायकोनं सांगितलं असंल, नका घेऊ नाव. आणि मोजणीवालापण तूच आणलास. मला माहीत हाय सगळं."

यातलं पहिलं साफ खोटं होतं. आणि मोजणीवाला मी नाही, भावानं आणला होता; अर्जावर त्याची सही होती, तो कागद माझ्या पेटीत होता. उत्तर आलं. मी ते येताना पाहिलं. ते जिभेपर्यंत आलं, सगळे शब्द जुळलेले, कागदाच्या तारखेसकट. मी ते दाबलं असं म्हणणार नाही. दाबलं असतं तर नेहमीसारखा गोळा आला असता. मी काकीच्या हातांकडे बघत होतो. बोटांची पेरं सुजलेली होती, वाल चाळताना करंगळी वळत नव्हती. तिच्या गुडघ्यांचं मला सहा वर्षांत कळलंच नव्हतं. ते बघता बघता उत्तर कुठेतरी गेलं. आत काहीच उरलं नाही. सुपाचा आवाज येत होता, ती बोलत होती, आणि पहिल्यांदाच कोणाचं तरी बोलणं माझ्यापर्यंत मध्ये कुठे न अडता येत होतं.

ती किती वेळ बोलली माहीत नाही. ऊन जोत्यावरून माझ्या पायांपर्यंत आलं होतं. ती थांबली तेव्हा मी म्हणालो, "काकी, नजरचूक नव्हती. मी बघून गाळलं. बायकोला त्यातलं काय माहीत नव्हतं."

"बघून गाळलंस ते माहीत हाय. मी तुझ्या तोंडाकडंच बघत होते ना." ती सूप बाजूला ठेवून उठली. उठताना तिनं हात पुढे केला, मी धरला. "चहा घेशील? गूळ हाय, साखर संपली."

मी चहा पीत असताना भाऊ आला. बैल बांधले, पाय धुतले आणि मला बघून थोडा थबकला.

"कधी आलास?"

"मघाशी."

"बांधाचं बोलायला?"

"नाय."

तो आत गेला. पुन्हा बाहेर आला आणि ओटीच्या दुसऱ्या टोकाला बसून त्यानंही चहा घेतला. त्याच्याशी सगळं पहिल्यासारखं झालं असं काही नाही. आमच्या गणपतीला तो यायलाही दीड वर्ष जावं लागलं. बांध आहे तिथेच आहे. आईला मात्र त्याच संध्याकाळी काकी येऊन भेटून गेली, आणि दोघी आतल्या खोलीत दिवेलागणीपर्यंत बोलत बसल्या.

माईक मी लगेच सोडला नाही. सोडायचं काही कारणही नव्हतं. दोन-तीन वर्षं चालू ठेवलं, मग घसा पुन्हा कुरकुरायला लागला आणि काम दुसऱ्याकडे गेलं. पहिल्या वर्षी मांडवात खुर्ची पुढे करायला कोणी आलं नाही तर मला लागायचं. आता कमी लागतं. लागत नाही असं म्हटलं तर ती पुन्हा ऐटच होईल. आजोबा पुढे फार थकले आणि मुलगा येऊन त्यांना घेऊन गेला. जाताना मी भेटलो होतो. मी काकीचं सांगितलं. ते म्हणाले, "बरं झालं," आणि मुकादमाचं नाव घेऊन, तो आपल्याला अजून दिसतो, असं सांगून हसले. मी सकाळी बसतो. पाऊण तास. त्यातली शांत मिनिटं मोजायचं मी बंद केलं आहे.

दोन हजार सालानंतरची गोष्ट आहे, काकीचा मोतीबिंदू काढायचा होता. शहापूरला शिबिर होतं. भावाला कामामुळे जमत नव्हतं. काकीनं निरोप पाठवला की मी तिला न्यावं. सकाळच्या एसटीनं आम्ही निघालो. ती खिडकीशी बसली, डोळ्यांना पदर लावून, आणि बस हलल्यापासून बोलू लागली. कुठल्या शेतात पूर्वी काय पिकायचं, कोणाच्या घरी कोण नांदायला आली. मी मध्ये बोललो नाही. पूर्वीचा मी असतो तर तिची नावं दुरुस्त केली असती, दोन ठिकाणी ती चुकली होती.

मग ती माझ्या वडिलांबद्दल बोलायला लागली. मला त्यांचा चेहराही धड आठवत नाही. आई त्यांचा विषय काढायची नाही.

"भात झोडून झालं की तो ओढ्यावर जाऊन बसायचा," काकी म्हणाली. "एकटाच. तुझी आई मला पाठवायची, बघ कुठं गेलाय. मी जायची. पाण्यात पाय सोडून बसलेला असायचा. म्हटलं, काय करताय? म्हणायचा, काय नाय वहिनी, बसलोय. मला वाटायचं, ह्याला काय होतंय का. पण नाय. तोंड बघितलं तर बरं असायचं."

"रोज बसायचे?" मी विचारलं.

"रोज कुठं. काम असायचं. पण कधी कधी."

बस शहापूरच्या स्टँडवर लागली तरी तिचं संपलं नव्हतं. शिबिर सुरू व्हायला अवकाश होता. मी तिला हात धरून उतरवलं, आम्ही सावलीतल्या बाकावर बसलो, आणि ती पुढचं सांगू लागली.